‘चरबीच असेल’ म्हणण्याआधी: कुत्र्याच्या अंगावर पुन्हा गाठ सापडली तर

रविवारी सकाळी अंगणातल्या नळाखाली खंड्याला साबण लावत होतो. पाठ झाली, पोट झालं, उजव्या मांडीवर आतल्या बाजूला बोटं गेली आणि तिथंच थांबली. हरभऱ्यापेक्षा मोठी, सुपारीपेक्षा लहान. मागच्या महिन्यात इथं काही नव्हतं. बायकोला हाक मारली. तिनं हात पुसून चाचपलं आणि एवढंच म्हणाली, "अजून एक?"

अजून एक. ही चौथी. खंड्या आता नऊ वर्षांचा आहे, अर्धा लॅब्राडोर आणि अर्धा आमच्या साताऱ्यातल्या गोडोलीचा. गेल्या तीन वर्षांत त्याच्या अंगावर चार गाठी निघाल्या आणि चारही वेळा शेजारी, पाहुणे, मेडिकलवाला, सगळ्यांचं निदान एकच: "काय न्हाय ओ, चरबी असंल." पहिल्या वेळी ते चुकलं. दुसऱ्या वेळी बरोबर निघालं. त्या एका बरोबर निघालेल्या वेळेनं आमचा घात केला, कारण तिसऱ्या वेळी आम्हीच छातीठोकपणे सांगत सुटलो की मागच्यासारखीच आहे. ती मागच्यासारखी नव्हती.

म्हणून हे लिहितोय. गाठी येत राहणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं, यात मी जे चुकत चुकत शिकलो ते.

आधी ती गाठच आहे का बघा

हसू नका. माझ्या ओळखीच्या एकाने कुत्र्याच्या पोटावरचा गोचीड म्हणून चिमट्याने जे ओढायला घेतलं, ते त्याचं स्तनाग्र होतं. नर कुत्र्यालाही सड असतात, दोन ओळींत असतात आणि काहींचे काळपट असतात. उलटही होतं: रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीड राखाडी वाटाण्यासारखा दिसतो आणि घरचे त्याला चामखीळ समजून महिनाभर सांभाळतात. केस बाजूला करून बॅटरीच्या उजेडात बघा. बुडाशी बारीक पाय वळवळताना दिसले की प्रश्न मिटला.

छातीच्या खाली मधोमध हाडाचं एक टोक लागतं, डोक्यामागे एक उंचवटा असतो, बरगड्यांच्या टोकांना मणी ओवल्यासारखं लागतं. हे सगळं मुळातलंच. नर कुत्रा उत्तेजित झाला की लिंगाच्या बुडाशी दोन गोल फुगवटे येतात, ते पाहून रात्री अकराला डॉक्टरांना फोन केलेले लोक आहेत. थोड्या वेळात उतरतात.

सोपी युक्ती अशी की डावीकडे काही लागलं तर उजवीकडे नेमकं त्याच जागी चाचपा. दोन्हीकडे तसंच असेल तर बहुधा ती शरीराची रचना. बहुधा म्हणतो, कारण याला एक मोठा अपवाद आहे आणि तो पुढे येईल.

किती वेळात आली?

डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि आपण पहिलं उत्तर "कालच दिसली" असं देतो. काल दिसली आणि काल आली यात फरक आहे.

तासाभरात तोंड किंवा पाय सुजला तर तिला गाठ म्हणत बसू नका. मधमाशी, गांधीलमाशी किंवा साप. उसाच्या पट्ट्यात घोणस आहे, माळावर फुरसं आहे, आणि कुत्रं आधी नाक पुढे करतं. सूज वाढतेय, कुत्रं लाळ गाळतंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, असं दिसलं की दोरी बांधणं नाही, चिरा देणं नाही, सरळ गाडीत घाला आणि निघा. हे वाचणंही थांबवा.

दोन-चार दिवसांत उठली, हात लावला की कुत्रं गुरगुरतं आणि जागा गरम लागते, तर बहुतेक गळू. खंड्याची पहिली गाठ हीच होती. गल्लीतल्या भांडणात मानेला सुळा लागला होता, वरची भोकं दुसऱ्या दिवशी मिटली, आम्ही खूश. आत पू साठत होता. चौथ्या दिवशी लिंबाएवढं बेंड. ताप बघायचा तर माणसाचा आकडा धरू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०० ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं. थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल तेल लावून शेपटीखाली. डॉक्टरांनी चिरून धुतलं, अँटिबायोटिक दिलं, दहा दिवसांत सपाट.

बोटांच्या बेचक्यात फुगवटा येऊन त्यातून पाणी झिरपत असेल तर कुसळ आठवा. दिवाळीनंतर अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून फिरून आलं की आपल्या सॉक्सची काय गत होते ते माहीत आहेच. तेच कुसळ कुत्र्याच्या पंजात घुसतं आणि त्याची ठेवणच अशी की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. मलम लावलं की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आतलं कुसळ निघेपर्यंत हे चालूच राहतं.

लस किंवा इंजेक्शन दिलेल्या जागी लहानशी टणक गाठ येते, दोन-तीन आठवड्यांत विरते. महिन्यानंतरही तशीच राहिली तर दाखवा. मोठ्या, जड कुत्र्याच्या कोपरावर पाण्याची पिशवी लोंबते, ती शहाबादी फरशीची देणगी. हाड आणि दगड यांच्यात रोज घासून आलेली. तिच्यातलं पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं आणि वर जंतू जायची भीती. जुनी गोधडी दुमडून खाली घालणं हा तिचा खरा इलाज. कानाची पाळी एकाएकी पुरीसारखी फुगली तर आत रक्त साकळलंय, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा कानातली खाज असते. नुसती पाळी बरी करून भागत नाही.

तीनेक वर्षांखालचं तरुण कुत्रं आणि अंगावर लालबुंद, शर्टाच्या बटनासारखी गोल, केस गेलेली गाठ असेल तर ती अनेकदा आपोआप दोन-तीन महिन्यांत जिरते. मात्र तीही आपली आपण ठरवायची नाही, एकदा दाखवून घ्यायची.

आणि हो, लंपी नाही. २०२२ मध्ये गुरांना लंपी आला तेव्हापासून कुत्र्याच्या अंगावर चार गाठी दिसल्या की गोठेवाले घाबरतात. लंपी गाई-म्हशींचा रोग आहे. कुत्र्याला होत नाही.

राहिल्या त्या हळूहळू आलेल्या, न दुखणाऱ्या, गप्प बसलेल्या गाठी. खरा घोळ यांचाच.

बोटाला कळत नाही

खंड्याची दुसरी गाठ छातीच्या बाजूला होती. मऊ, कातडीखाली सरकणारी, लिबलिबीत. आपल्याकडे जिला आवाळू म्हणतात आणि डॉक्टर लायपोमा, तीच. वय झालेल्या, अंगाने सुटलेल्या कुत्र्यांना, त्यातही लॅब्राडोरांना या होतातच. तेव्हा डॉक्टरांनी सुई घालून खात्री केली होती, हे आम्ही सोयीस्कर विसरलो. लक्षात राहिलं ते एवढंच की मऊ गाठ म्हणजे चरबी.

तिसरी डाव्या बरगडीवर आली. तीही मऊ. तीही सरकणारी. एका दवाखान्यात दाखवली, तिथं बोटांनी दाबून सांगितलं, चरबी आहे, सोडून द्या. आम्हाला तेच ऐकायचं होतं. चारेक महिन्यांत ती कधी मोठी वाटायची, कधी लहान. लहान झाली की आम्ही म्हणायचो, बघा, उतरतेय. खंड्या ती जागा खाजवायचा, की ती लाल होऊन चढायची. शेवटी त्याच दवाखान्यात काढून टाकली. टाके छान बसले. गाठ कुठे आहे विचारलं तर टेबलाखालच्या बादलीकडे बोट. "चरबीच होती, तपासायला कशाला पाठवायची?"

दोन महिन्यांनी टाक्यांच्या रेषेलगत पुन्हा उंचवटा आला. दुसऱ्या डॉक्टरांनी सुई घातली आणि मास्ट सेल ट्यूमर निघाला.

मास्ट पेशी म्हणजे शरीरात ॲलर्जीच्या वेळी हिस्टामाइन सोडणाऱ्या पेशी. त्यांचीच गाठ झाली की ती दाबली, खाजवली, की हिस्टामाइन बाहेर येतं आणि जागा सुजते, लाल होते. मग ओसरते. आमचं "उतरतेय, उतरतेय" म्हणजे हेच होतं. ही गाठ मऊ असू शकते, टणक असू शकते, चामखिळीसारखी, फोडासारखी, आवाळूसारखी, कशीही. हाताला चरबीसारखी लागणारी कॅन्सरची गाठ असते, आणि ती ओळखणारी बोटं देवानं कोणाला दिलेली नाहीत, अनुभवी डॉक्टरांनाही नाहीत. याच हिस्टामाइनमुळे पोटात आम्ल वाढून अल्सर होतात. गाठ असलेलं कुत्रं उलट्या करायला लागलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरं ऑपरेशन मोठं झालं. अशी गाठ काढताना भोवतीची दोन-तीन सेंटिमीटर निरोगी कातडीही घ्यावी लागते आणि खालचा एक थरही. पहिल्यांदाच माहीत असतं तर एकदाच झालं असतं. बरगडीवर कातडी सैल असते म्हणून निभावलं. हीच गाठ पायाच्या नडगीवर असती तर टाके घालायला कातडी आणायची कुठून? गाठ लहान असतानाच बघायची ती यासाठी. या वेळी काढलेला तुकडा लॅबला गेला. रिपोर्ट आला: कमी तीव्रतेचा प्रकार, कडा स्वच्छ, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. सुटलो, पण त्यात आमची हुशारी काडीची नव्हती.

तेव्हापासून घरात नियम आहे. एक सेंटिमीटरपेक्षा मोठी, किंवा एक महिना होऊनही तिथंच असलेली प्रत्येक गाठ सुई घालून तपासायची. वाढतेय, लाल होतेय, चिघळतेय, तर महिनाही थांबायचं नाही. आणि मागची गाठ काय होती याचा नवीशी संबंध नाही. एकाच कुत्र्याच्या अंगावर दोन चरबीच्या आणि त्यांच्या मधोमध एक वाईट, असं खुशाल असतं.

सुईत असतं तरी काय

डॉक्टर लोक याला एफएनएसी म्हणतात. नाव भारदस्त, काम पाच मिनिटांचं. भूल लागत नाही. साधी, लस टोचायला वापरतात तशी बारीक सुई. डॉक्टरांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठ पकडली, सुई आत घातली, आतल्या आत चार दिशांना मागेपुढे केली आणि काढली. खंड्याचं सगळं लक्ष माझ्या हातातल्या चपातीच्या तुकड्यावर. मग हवा भरलेली सिरिंज सुईला जोडून आतलं जे काही होतं ते काचेच्या पट्टीवर फुंकलं, दुसरी काच वर टेकवून हलकेच ओढली.

छातीवरच्या गाठीच्या वेळी ती काच डॉक्टरांनी ट्यूबलाइटकडे धरून मला दाखवली होती. बारीक तेलाचे थेंब, आमटीवर तवंग असतो तसे. पाच मिनिटं झाली तरी वाळेनात. "चरबी वाळत नाही," ते म्हणाले. पण तेवढ्यावर त्यांनी मान डोलावली नाही, कारण गाठीवरून जाणारी सुई वाटेतली साधी चरबीही उचलते. काच रंगवून मायक्रोस्कोपखाली घातली आणि मगच सांगितलं.

सुईने नेहमीच उत्तर मिळतं असं नाही. कधी नुसतं रक्त येतं, काही टणक गाठी पेशी सोडतच नाहीत. मग पुन्हा सुई किंवा तुकडा काढून बायोप्सी. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मात्र डोक्यातून काढा. कातडीवरच्या गाठींच्या बाबतीत न तपासता थांबण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. सुईचा खर्चही ऑपरेशनच्या मानाने किरकोळ.

तीन गोष्टी मात्र आपण पाहायच्या. तपासणीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. "सूज उतरेल, एक मारतो" असं सहज म्हटलं जातं. त्याने काही गाठी तात्पुरत्या आकसतात आणि नंतर नमुन्यात चित्र धूसर येतं. दुसरं, गाठ काढली तर ती लॅबला जाणार का, हे ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर बादलीत हात घालायची वेळ येऊ नये. रुंद तोंडाची बाटली, दहा टक्के फॉर्मलिन, तुकड्याच्या दहापट तरी. आणि तिसरं, नमुने कुरियरने जाणार असतील तर काचा आणि फॉर्मलिनची बाटली एका डब्यात ठेवू नका. फॉर्मलिनच्या वाफेने काचेवरच्या पेशींना रंग नीट धरत नाही. हे मला ज्यांनी सांगितलं त्यांचा एक अख्खा नमुना असा वाया गेला होता.

कुठे जायचं? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गर्दी गाई-म्हशींची असते, पण सुई घालायला नकार कोणी देत नाही. मायक्रोस्कोप आणि वाचणारा माणूस आहे का एवढं विचारून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. आणि सातारकरांचं नशीब असं की क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळला आहे, हायवेला लागलं की साठेक किलोमीटर. सर्जरी आणि पॅथॉलॉजी एका आवारात. सांगलीकडच्या लोकांना लांब पडतं, तरी गुंतागुंतीच्या गाठीला तो प्रवास करावा असं माझं मत. जाताना फोन करून वेळ विचारा आणि कुत्रं उपाशी न्यायचं का तेही.

दोन्हीकडे सारखी, तरीही वाईट

मघाशी म्हटलेला अपवाद हा. पायाला जखम झाली की माणसाच्या जांघेत गाठ सुजते, अवधान येतं, तशाच लसिका ग्रंथी कुत्र्यालाही असतात: जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्याच्या मागे. एरवी गुडघ्यामागची जेमतेम हाताला लागते. या एकाच वेळी दोन्ही बाजूंनी सुजल्या, बोराएवढ्या, आवळ्याएवढ्या झाल्या, तर ते गोचिडतापाने असू शकतं किंवा लिम्फोमा म्हणजे ग्रंथींच्या कॅन्सरने. एकाला औषधाने उतार पडतो, दुसऱ्याला केमोथेरपी लागते. रक्त आणि सुई, दोन्ही त्याच आठवड्यात. इथं महिना थांबायचा नियम लागू नाही.

कुत्रीच्या सडांलगतची गाठही थांबण्यातली नाही. ऑपरेशन न केलेल्या वयस्क कुत्रीत अशा गाठी फार दिसतात, शेवटच्या दोन जोड्यांत जास्त, आणि त्यातल्या साधारण निम्म्या वाईट निघतात. काढण्याआधी छातीचा एक्स-रे करतात, कारण ती फुप्फुसात पसरते. पहिल्या माजाच्या आधी नसबंदी झालेल्या कुत्रीला हा रोग जवळजवळ होतच नाही. "एकदा तरी पिल्लं होऊ द्या बिचारीला" म्हणणाऱ्यांना हे सांगून बघा. मी सांगितलंय. ऐकत नाहीत.

आणि मोकळं फिरणारं कुत्रं. लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब, आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लाल, ठिसूळ वाढ. मालक म्हणतात मुतखडा, कुत्री असेल तर म्हणतात माजावर आहे. हा टीव्हीटी: मिलनातून, चाटण्यातून एका कुत्र्याच्या जिवंत पेशी दुसऱ्यात रुजून होणारा कॅन्सर. ऐकायला भयंकर, पण यावर व्हिन्क्रिस्टिनचं आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा वेळा, मधून रक्त तपासत, एवढ्यात बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. गल्लीतल्या कुत्र्याला असं दिसलं तर वर्गणी काढण्यासारखा हा आजार आहे.

घरी काय लावायचं?

काही नाही. मला तीन जणांनी बिब्बा घालायला सांगितलं, एकाने डाग द्यायला. बिब्ब्याने कातडी जळते, गाठ तिथंच राहते आणि वर जखम होते, पावसाळ्यात तिच्यात अळ्या पडतात. हळद-चुना बैलाच्या खांद्याला लावतात म्हणून कुत्र्यालाही? बैल चाटून पुसून टाकत नाही, कुत्रं टाकतं, आणि चुना जिभेला लागतो. दोरा बांधून चामखीळ पाडायची नाही. गाठ फोडून आतलं दह्यासारखं पांढरं काढायचं नाही. तशा गाठीची पिशवी कातडीखाली फुटली तर आग भडकते. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक यांसारख्या माणसाच्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात नाहीत. कुत्र्याच्या आतड्याला आणि किडनीला त्या झेपत नाहीत.

करायचं ते एवढंच की नोंद ठेवायची. मी वहीच्या पानावर कुत्र्याचं चित्र काढलंय, दोन बाजू आणि एक पोट. चित्र बघून मुलगी म्हणते ही शेळी आहे. त्यावर फुली, शेजारी तारीख आणि माप. फोटो काढताना गाठीशेजारी दहा रुपयांचं नाणं धरतो. ते २७ मिलिमीटर असतं, त्यामुळे फोटोत अंदाज लागतो. "थोडी मोठी वाटते" यापेक्षा "१२ ची १९ झाली" हे ऐकून डॉक्टर खुर्चीत सरळ बसतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळ आणि तपासणी एकत्र, नाकापासून शेपटीपर्यंत, काखा आणि जांघा न विसरता.

चरबीच निघाली तर? बहुतेक वेळा तशीच राहू द्यायची. काखेत वाढून चालताना घासत असेल, फार भराभर वाढत असेल, तर काढायची. आणि चपात्या कमी करायच्या. कुत्र्याच्याच म्हणतोय.

चौथ्या गाठीची सुई मंगळवारी झाली. काच ट्यूबलाइटकडे धरली, तवंग होता. मायक्रोस्कोपखालीही चरबीच. वहीत उजव्या मांडीवर निळी फुली मारली, १४ मिलिमीटर लिहिलं. लाल फुली आजवर एकच आहे, डाव्या बरगडीवर. आता पुढचं माप पहिल्या रविवारी. खंड्याला नळाचा आवाज आला की तो गेटपाशी जाऊन पाठ करून बसतो, ती तक्रार मात्र अजून सुटलेली नाही.